बकाराम कोतवालाचा अर्ज

आमच्या मंडळीच्या पाद्रीबाबांनी नाताळच्या अंकासाठी माझ्याकडे क्षमेवर चार पानं मागितली. मी म्हणालो, बाबा, उपदेश तुम्ही करता, मी अर्ज लिहितो. ते म्हणाले, मग अर्जाचंच लिहा. एवढी मोकळीक मिळाल्यावर मी कसला थांबतो? जी गोष्ट बायकोशिवाय कोणालाच मी धड सांगितली नव्हती, ती आज सांगून टाकतो. सकाळची पॅसेंजर शिट्टी देऊन सुटली की अजूनही माझ्या छातीत धडधडतं.

गोंदियाच्या तहसील कचेरीसमोर चिंचेच्या झाडाखाली मी एकतीस वर्षं बसलो. एक सतरंजी, मांडीवर घ्यायची उतरती पेटी, दौत आणि दोन टाक, एवढा माझा संसार. सरकारी परवाना असलेला अर्जनवीस होतो मी, पण लोक मुन्शीजी म्हणत. वकील महाग आणि साहेब लांब, म्हणून ज्याला लिहिता येत नाही त्याचं गाऱ्हाणं कागदावर आणायचं ते आम्ही. देवरीच्या जंगलातले लोक दोन दोन दिवस चालत यायचे, मांडी घालून बसायचे आणि आजोबांपासून सुरुवात करायचे. त्या सगळ्या रामायणातून साहेबाला हवं तेवढं चार ओळीत काढणं ही कला आहे. मला ती येत होती, आणि ते सांगायला मी लाजत नाही.

गिऱ्हाइकं तरी कशी कशी यायची. एक पोवार पाटील आले, चांगले जमीनजुमलावाले. म्हणाले, "मुन्शीजी, रेल्वेवर अर्जी लिवा. इंजिन सिटी मारते अन माही म्हैस दूध चढवते, धारच देत नाही." मी विचारलं, रेल्वेने काय करावं? "सिटी गावाच्या पुढे जाऊन मारावी." लिहिला मी तो अर्ज, मोठ्या आदबीने लिहिला. दुसरी एक बाई दर दोन-तीन महिन्यांनी यायची, दिराविरुद्ध अर्ज लिहून घ्यायची, पूर्ण वाचून घ्यायची, मान डोलवायची, आणि कागद कमरेला खोचून घरी न्यायची. कचेरीत एकदाही दिला नाही. मी एकदा विचारलंच, बाई, देत काऊन नाही? तर म्हणते, "द्यायचा कायले? तुमी वाचता तवा माया जीवाले थंड वाटते."

हे वाचून दाखवणं हा आमच्या धंद्याचा प्राण. अर्जदाराला अक्षर येत नाही, तेव्हा कागदावर काय लिहिलं ते त्याला पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचून दाखवायचं, मगच अंगठा घ्यायचा, आणि खाली आपल्या हाताने लिहायचं की मजकूर वाचून दाखविला, अर्जदारास समजला. त्याखाली अर्जनवीसाची सही आणि परवान्याचा नंबर. ती सही खोटी निघाली तर परवाना गेला. पण खोटी निघणार कशी? ऐकणाऱ्याला वाचता येत नाही आणि वाचणाऱ्या साहेबाला आम्ही काय ऐकवलं ते माहीत नाही. मधे फक्त आम्ही.

आणखी एक गोष्ट समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं कळेल. अर्ज दोन जातीचे. एक न्यायाचा: मी हे केलं नाही, मला सोडा. दुसरा दयेचा: माझ्याकडून झालं, मला माफ करा. या दोघांची भेसळ कधी करायची नाही. अर्जदार मात्र हटकून करतो. आई येते, रडते, म्हणते, "माया पोट्ट्यानं केलंच नाही साहेब, अन आता पुन्हा नाही करणार." हसू येतं, पण वरच्या कोर्टात ही भेसळ गेली की माणूस मेला. कारण साहेब म्हणतो, दया मागतोय त्या अर्थी गुन्हा कबूल आहे. अपील खारीज.

हे मला कुठल्या पुस्तकाने शिकवलं नाही. माझा थोरला भाऊ याकोब यातच गेला.

आम्ही दोघं मोठ्या दुष्काळात मिशनच्या अनाथघरात आलो. आईबाप वाटेत गेले होते. याकोबदादा तेव्हा दहा वर्षांचा, मी कडेवर. त्याने मला वाढवलं, शिकवलं, माझ्यासाठी स्वतः शाळा सोडली आणि बैलगाडी हाकायला लागला. देवरीकडून लाकूड, मोहफूल, डिंक असा माल गोंदियाच्या स्टेशनवर आणायचा. एकदा एका गावाजवळ नाल्यात सागाचं चोरीचं लाकूड सापडलं. कोणाला तरी धरायचं होतं. त्या गावचा कोतवाल बकाराम याने कोर्टात हात वर करून सांगितलं की याकोब गाडीवाल्याला सागावर कुऱ्हाड चालवताना मी या डोळ्यांनी पाहिलं. दादा त्या दिवशी माझ्याजवळ होता, मला ताप होता, त्याने माझ्या कपाळावर पट्ट्या ठेवल्या होत्या. पण सतरा वर्षांच्या भावाची साक्ष कोण धरतो? सहा महिन्यांची सजा झाली. बाजारातल्या कोणा लिहिणाऱ्याकडून आम्ही अपिलाचा अर्ज लिहून घेतला, आणि त्या शहाण्याने शेवटी, आपल्या मते चांगलं म्हणून, जोडलं की हातून चूक झाली असल्यास दया व्हावी. अपील खारीज. चौथ्या महिन्यात दादा तुरुंगात हगवणीने गेला. त्यांनी त्याला कुठे पुरलं तेही मला कोणी सांगितलं नाही.

त्या दिवशी मी ठरवलं की अर्ज लिहायला शिकेन. लोकांना वाटतं सेवा म्हणून शिकलो. अंशतः खरं आहे. पण बकाराम कोतवाल हे नाव मी रोज सकाळी तोंड धुताना आठवत होतो, आणि रविवारी देवळात पहिल्या बाकावर बसत होतो. दोन्ही एकदम चालू होतं, आणि मला त्यात काही चुकतंय असं वाटत नव्हतं.

वीस वर्षं गेली. धान कापून झाले होते, हिवाळा सुरू होता. दुपारी एक वाकलेला बुढा चिंचेखाली आला. डोक्याला मळकं पागोटं, हातात कापडात गुंडाळलेले कागद. रामराम करून बसला.

"मुन्शीजी, अपिलाची अर्जी लिवून द्या. उद्या मुदत सरते. भंडाऱ्याले द्याची आहे."

मी कागद घेतले. निकालाची नक्कल होती, आणि जेलातून आलेलं मुखत्यारपत्र. मुलगा फागू, गावच्या जमीनदाराचं, मालगुजाराचं, धानाचं पुंजणं म्हणजे रचलेली गंजी जाळली म्हणून दोन वर्षं सक्तमजुरी. गाव वाचलं, दादाच्या खटल्यातलंच गाव. मग बापाचं नाव वाचलं. बकाराम.

मी मान वर केली नाही. विचारलं, "कोतवाल होते का तुम्ही?"

"होतो. आता नाही. मालगुजारानं काढलं."

"मुलानं जाळलं का?"

"नाही जी. आग लागली त्या सोमवारी पोरगा इकडे होता, नागऱ्याले. महादेवाचा नवस होता, घंटा बांधाले आलता. पुजाऱ्यानं पायलं त्याले, बोलला बी त्याच्यासंगं. पन कोर्टानं पुजाऱ्याले बलावलंच नाही. मालगुजाराच्या दोन गड्यानं सांगतलं, आमी पायलं, अन झालं."

ऐका, त्या क्षणी मला काय झालं ते मी लपवणार नाही. मला आनंद झाला. अंगात वीज खेळावी तसा आनंद. ज्याने खोटी साक्ष दिली त्याच्या पोराला खोट्या साक्षीनेच आत टाकलं होतं, आणि त्याची सुटका माझ्या टाकाच्या टोकावर होती. मुद्दा भक्कम होता, पुजारी जिवंत होता, नागरा इथून हाकेच्या अंतरावर. हा अर्ज मी नीट लिहिला असता तर पोरगा सुटण्यासारखा होता, हे मला पहिल्या ओळीलाच दिसलं.

आणि मी नीटच लिहिला. तसा अर्ज मी आयुष्यात लिहिला नव्हता. सोमवार, घंटा, पुजाऱ्याचं नाव, कोतवाली काढल्यापासूनचं मालगुजाराचं वैर, सगळं मुद्देसूद. मग शेवटच्या परिच्छेदात, अगदी सुरेख अक्षरात, मी एक ओळ घातली: मुलाच्या हातून रागाच्या भरात हे कृत्य घडले, तरी त्याच्या वयाकडे पाहून दया व्हावी.

मग वाचून दाखवला. मोठ्याने, ठासून. बुढा हात जोडून ऐकत होता, पुजाऱ्याचं नाव आलं तेव्हा त्याच्या डोळ्यात पाणी आलं. ती ओळ आली, मी तिच्यावरून उडी मारली आणि पुढचं वाचलं. आवाज हललासुद्धा नाही. त्याचा अंगठा घेतला. खाली लिहिलं, वाचून दाखविला, समजला. सही केली.

"लय चांगलं लिवलं जी तुमी," बुढा म्हणाला. सकाळच्या पॅसेंजरने भंडाऱ्याला जातो म्हणाला, आणि रात्र काढायला स्टेशनच्या धर्मशाळेकडे गेला.

मी त्या दिवशी लवकर पेटी बंद केली. बाजारातून बायकोला आवडते म्हणून जिलेबी घेतली. घरी येऊन मार्थाला सगळं सांगितलं, उभ्या उभ्याच, हातवारे करून. म्हणालो, दादाला ज्या ओळीने मारलं त्याच ओळीने त्याचं घर बुडवलं, आणि जगात कोणाला कळणार नाही. मार्था तांदूळ निवडत होती. तिने वर पाहिलं आणि परत सूप हातात घेतलं.

"बोल की काही," मी म्हणालो.

"काय बोलू? त्या पोट्ट्यानं तुमच्या दादाचं काय केलं होतं?"

"तो बकारामचा मुलगा आहे."

"मंग दादा बी कोनाचा तरी मुलगाच होता," ती म्हणाली आणि चुलीकडे गेली. मला तिचा असा राग आला की सांगता सोय नाही. जिलेबीचा पुडा तसाच कोनाड्यात ठेवला.

आमच्या घरात दिवा लागला की जेवणाआधी प्रार्थना. घरचा पुरुष एकेक ओळ म्हणतो आणि बाकीचे मागून म्हणतात. प्रभूची प्रार्थना मी लहानपणापासून म्हणतो, झोपेत म्हणेन. त्या संध्याकाळी सुरू केली, मार्था मागून म्हणत होती. भाकरीची ओळ झाली. पुढची ओळ, जशी आम्ही आमच्या अपराध्यांना क्षमा केली आहे तशी तू आम्हाला कर, ती, माझ्या तोंडापर्यंत आली आणि मी तिच्यावरून उडी मारून पुढे गेलो. ठरवून नाही. दुपारी जीभ जशी उडाली होती तशीच पुन्हा उडाली.

मार्था गप्प झाली. मी पुढची ओळ परत म्हणालो. ती म्हणेना.

"तुमी एक ओळ गाळली," ती म्हणाली.

मी डोळे उघडले. दिव्याच्या उजेडात ती माझ्याकडे बघत होती, रागाने नाही, भिऊन. तिला सगळी प्रार्थना पाठ होती म्हणून तिने मला पकडलं. बकारामला अक्षर येत नव्हतं म्हणून त्याला पकडता आलं नाही. तेवढाच फरक होता. एकतीस वर्षांत मला माझ्या कामाची लाज फक्त त्या संध्याकाळी वाटली, आणि ती अशी वाटली की मी घास घेऊ शकलो नाही. गाळलेली ओळ मागे जाऊन म्हणायची तर आधी बकारामच्या हातातला कागद परत आणायला हवा होता. मार्थाला मी एवढंच सांगितलं, सकाळी स्टेशनवर जातो.

सकाळी उठलो तर अंगात कणकण. तोंडावर पाणी मारलं आणि निघालो. आता नशीब पहा, फाटक बंद. कोळशाची लांबच लांब मालगाडी शंटिंग करत होती, मागे पुढे, मागे पुढे, आणि पलीकडे फलाटावर पॅसेंजर उभी. मी डब्यांच्या मधल्या फटीतून बकारामचं पागोटं पाहिलं. तो खिडकीत बसला होता, कागद छातीशी धरून. मी ओरडलो. इंजिनाच्या धडधडाटात माझा आवाज गेला. फाटक उघडलं तेव्हा पॅसेंजरचा शेवटचा डबा फलाट सोडत होता. मी धावलो, चप्पल तुटली, फलाटाच्या टोकाला जाऊन उभा राहिलो. गाडी गेली.

मी तिथेच खाली बसलो. तेवढ्यात मागून आवाज आला, "अरे मुन्शीजी, सुबह सुबह क्या हुआ?" गार्ड नायडू होता. बदली रद्द व्हावी म्हणून त्याचा अर्ज मी लिहिला होता आणि बदली रद्द झाली होती, तेव्हापासून तो मला फार मानायचा. त्याची मालगाडी नागपूरकडे निघत होती. मी म्हणालो, नायडूसाहेब, मला भंडारा रोडला पोचवा, एका माणसाच्या दोन वर्षांचा प्रश्न आहे. तो म्हणाला, "रूल नहीं है." मग माझ्या तुटक्या चपलेकडे पाहिलं आणि म्हणाला, "चढो, चढो. कोई पूछे तो बोलना बीमार हो."

गार्डच्या डब्यात बसून मी तिरोडा गेलेलं पाहिलं, वैनगंगेचा पूल गेलेला पाहिला, आणि प्रत्येक स्टेशनवर मालगाडी बाजूला उभी राहिली की माझा जीव टांगणीला लागायचा. नायडू शांतपणे इडलीचा डबा उघडून बसला होता. "खाओ, मुन्शीजी, आपके खाने से गाडी लेट नहीं होगी," म्हणाला. भंडारा रोडला उतरलो तेव्हा पॅसेंजर जाऊन तास झाला होता. तिथून भंडारा गाव तीन कोसांवर. बकारामजवळ टांग्याला काही नसणार, तो पायी गेला असणार, म्हणजे वाटेत गाठता येईल. मी टांगा केला. टांगेवाल्याला म्हणालो, पागोटेवाला बुढा दिसला की थांब. एकूण सात पागोटी दिसली, सातही वेळा थांबलो, एकही बकाराम नव्हता. तो बांधावरच्या पायवाटेने गेला होता, हे नंतर कळलं.

कोर्टाच्या ओसरीत पोचलो तेव्हा बकाराम खिडकीशी उभा होता आणि अर्ज आत गेलेला होता. कारकून कागद चाळत होता, उजव्या हातात दाखल करण्याचा शिक्का होता. मी गर्दीतून घुसलो आणि खिडकीतून हात घालून त्याचं मनगट धरलं. हो, धरलं. सरकारी माणसाचं मनगट. आजही आठवलं की अंगावर काटा येतो.

"शिक्का मारू नका," मी म्हणालो. "अर्ज बाद आहे."

"तुम्ही कोण?"

"लिहिणारा."

कारकून चिडला. "चूक असेल तर खोडा आणि सही करा. बाकी लोक खोळंबलेत."

"खोडून भागणार नाही. खोडलेलंही साहेब वाचतील. नवा अर्ज द्यावा लागेल."

"मग द्या. चारला खिडकी बंद. आणि तुमचा परवाना गोंदियाचा दिसतोय, इथे तुम्हाला लिहिता येणार नाही. हा बाद का करताय ते मात्र लिहून द्या, अर्ज एकदा हातात आला आहे."

बकाराम सगळं ऐकत होता, काही कळत नव्हतं त्याला. मी त्याला ओसरीच्या कोपऱ्यात नेलं. वाटेत मी किती वाक्यं जुळवली होती, माणूस चुकतो वगैरे. एकही आठवलं नाही. म्हणालो, "बकाराम, काल मी तुम्हाला सगळं वाचून दाखवलं नाही. एक ओळ गाळली. त्या ओळीत लिहिलं होतं की फागूनं पुंजणं जाळलं. मी ती मुद्दाम घातली होती. मी याकोब गाडीवाल्याचा भाऊ आहे."

मला वाटलं तो मारेल, किंवा रडेल. तो खांबाला टेकून हळूहळू खाली बसला.

"याकोबचा भाऊ आहेस ते मले मालूम होतं," तो म्हणाला.

मी विचारलं, "माहीत असून माझ्याकडे आलात? काऊन?"

"गोंदियात चार मुन्शी आहेत. कोनी बी लिवलं असतं. मी मनलं, ज्याच्या घराले खोट्यानं आग लावली तो मानूस खोटं लिवनार नाही." मग खाली मान घालून म्हणाला, "मालगुजारानं मले मनलं होतं, याकोबचं नाव सांग, नाही तं कोतवाली जाते. घरी पाच खानारे होते. मी सांगतलं. आता त्याच मालगुजारानं माया पोरावर..."

घड्याळात दोन वाजून गेले होते. भंडाऱ्याचे अर्जनवीस काशीनाथपंत समोरच बसले होते, सत्तरीचे, नाकावर चष्मा. मी त्यांच्यापुढे बसलो आणि म्हणालो, मी सांगतो, तुम्ही लिहा. त्यांनी आधीचा कागद वाचला, ती ओळ वाचली, माझ्याकडे चष्म्याच्या वरून पाहिलं. धंद्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही. "असं कधी लिहू नये हो," एवढंच म्हणाले आणि टाक दौतीत बुडवला. मी सांगत गेलो, ते लिहीत गेले. सोमवार, घंटा, पुजारी. मग त्यांनी तो बकारामला वाचून दाखवला, आणि मी शेजारी बसून एकेक शब्द कागदावर बोट ठेवून मोजत होतो. दया हा शब्द कुठेही नव्हता. बकारामने अंगठा दिला. पावणेचारला तो आत गेला आणि शिक्का पडला. मी तो आवाज ऐकला, थड, आणि ओसरीच्या पायरीवर बसून लहान पोरासारखा रडलो. बाद करण्याचं कारण मी कारकुनाला खरं तेच लिहून दिलं, मजकूर वाचून दाखवताना मी जाणूनबुजून ओळ गाळली, असं. त्याने वाचलं आणि म्हणाला, "वेडे आहात काय?" पण कागद ठेवून घेतला.

घरी गेलो तेव्हा दिवा लागला होता. मी प्रार्थना पहिल्यापासून म्हणालो, सगळी. मग कोनाड्यातली शिळी जिलेबी दोघांनी खाल्ली, आणि ती इतकी चिवट झाली होती की मार्थाला हसू आवरेना.

त्या कागदावरून माझा परवाना चार महिने जप्त झाला. ते चार महिने मी एका आडत्याकडे धानाच्या पोत्यांवर नंबर टाकले. लोक विचारत, मुन्शीजी, कायले? मी म्हणायचो, चूक झाली. तहसीलदारसाहेबांनी परवाना परत देताना मला चांगलंच झाडलं, आणि ते बरोबर होतं.

मी पुन्हा चिंचेखाली बसलो त्या आठवड्यातच बकाराम आला. बरोबर एक उंच, वाळलेला तरुण. वरच्या कोर्टाने नागऱ्याच्या पुजाऱ्याला बोलावलं होतं, आणि फागू सुटला होता. सुटला, ऐकलंत? मी सतरंजीवरून उठून उभा राहिलो. फागूने माझे पाय धरले, मी त्याला उठवलं, आणि त्याला जवळून पाहिलं तेव्हा मला एवढंच दिसलं की मार्था म्हणाली होती तसा तो फक्त कोणाचा तरी मुलगा आहे. त्यांनी चारोळीची एक पिशवी आणली होती. बकारामने फागूला बैलांना पाणी दाखवायला पाठवलं आणि माझ्यासमोर मांडी घालून बसला.

"मुन्शीजी, आता माही अर्जी लिवा."

"कसली?"

"मी याकोबच्या खटल्यात खोटं सांगतलं, ते. साहेबाले कळू द्या. त्याचं नाव साफ होईल. मले जे होईल ते होवो."

म्हणजे पहा, जे मी वीस वर्षं मागत होतो ते तो आपल्या पायाने घेऊन आला होता. कायद्याने, राजीखुशीने, त्याच्याच तोंडून. खोट्या शपथेला सजा असते, आणि या वयात आत गेला असता तर तो माझ्या दादासारखाच बाहेर आला नसता. यात भेसळ नव्हती, लबाडी नव्हती. हा न्याय होता. आणि दादाचं नाव सरकारी दप्तरात चोर म्हणून लिहिलेलं आहे, ते मला रोज टोचायचं. आजही टोचतं.

मी कागद घेतला आणि लिहिलं. दादाचं पूर्ण नाव लिहिलं, याकोब, आणि तो निर्दोष होता असं लिहिलं. मी ते पहिल्यांदाच कागदावर पाहत होतो. मग बकारामला सगळं वाचून दाखवलं, सावकाश, एकही शब्द न गाळता. तो मान डोलवत होता. संपलं तेव्हा त्याने धोतराला अंगठा पुसला आणि माझ्यापुढे केला.

शाईची डबी माझ्या मांडीपाशी होती. सकाळीच भरली होती. मी तिच्यावर झाकण ठेवलं.

"शाई वाळली," मी म्हणालो. "घरी जा, बकाराम. फागू वाट पाहतोय."